वाळकेश्वरची खोली



आमच्या पुसदमध्ये कुणी ‘मलबार हिल’ म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. त्याला कारण नाईकसाहेब. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, जन्म १ जुलै १९१३ चा. १९६३ ते १९७५ अशी सलग वर्षं ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि मुंबईत मलबार हिलवरच्या बंगल्यात राहायचे. बंगल्याला ‘वर्षा’ हे नाव त्यांनीच दिलं. शेतीचा माणूस, पावसाला कसा विसरेल! पुढे १९९१ साली त्यांचे पुतणे सुधाकररावही मुख्यमंत्री झाले. त्यामुळे गावात अजून रेल्वे आली नसली तरी मलबार हिल आम्हाला आपल्याच शेजारची वाटते.

१९७४ साली माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि ती त्याच टेकडीवर, वाळकेश्वरला राहायला गेली. तिला आम्ही जीजी म्हणतो. मी तेव्हा चौदा वर्षांची. शाळेत दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, “माझी जीजी मलबार हिलला राहते, नाईकसाहेबांच्या बंगल्याजवळ.” मुली बघतच राहिल्या. तेव्हापासून हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, त्याचा हिशेब नाही. मी बी.कॉम. झाले ती १९८१ साली. पुढच्या वर्षी गावातच माझं लग्न ठरलं, तेव्हा बोलणी करताना आमच्या काकांनी हेच वाक्य समोरच्यांना ऐकवलं. त्याचं वजन पडलं, हे मला बैठकीच्या दाराआडूनही कळलं.

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. जीजी राहते ती दहा बाय बाराची खोली आहे.

यंदा जूनच्या शेवटी मी तिच्याकडे आठ दिवस राहून आले. तिच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचा आहे, त्याचे कागद आले होते. फोनवर म्हणाली, “तू बी.कॉम. आहेस, येऊन वाचून दे.” चाळीस वर्षांत माझ्या पदवीला असं रीतसर बोलावणं पहिल्यांदाच आलं. पुसदहून वाशीममार्गे अकोल्यापर्यंत एस.टी., तिथून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस आणि सकाळी मुंबई. टॅक्सी गिरगाव चौपाटीवरून वळून टेकडी चढायला लागली. दोन्ही बाजूंना उंच इमारती, फाटकाशी गणवेशातले पहारेकरी. तीन बत्तीच्या पुढे मात्र रस्ता अरुंद झाला आणि उतार लागला. खाली बाणगंगेच्या अंगाला जुनी बैठी घरं आहेत, चाळी आहेत. तिथे जीजीची इमारत.

लाकडी जिना, लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. खोलीत एक कॉट, एक कपाट, ओटा आणि कोपऱ्यात मोरी. जिजाजी झवेरी बाजारात एका पेढीवर नोकरी करायचे, ही खोली त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची. याच एकशेवीस चौरस फुटांत सासू-सासरे, हे दोघं आणि दोन मुलं राहिली. आता जिजाजी नाहीत, मुलगी परगावी, मुलगा भाईंदरला. जीजी बहात्तर वर्षांची आहे आणि एकटी राहते.

पाणी पहाटे येतं आणि दोन तासांत जातं. त्या वेळात ते भरायचं, फडक्यातून गाळायचं, दिवसभराचं उकळून ठेवायचं. वर टेकडीच्या माथ्यावर फिरोजशहा मेहतांच्या नावाची बाग आहे, जिला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात. त्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे, इंग्रजांच्या काळापासूनचा. तिथून दक्षिण मुंबईला पाणी जातं. आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी जीजी पहाटे उठून कळशा मांडते. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, “दोन तासांचं मिळतं ना? मोजून मिळालं की माणूस मोजून वापरतो.” आमचं बोलणं मारवाडीत चालतं, इथे मराठीत लिहिते आहे.

तिचा खरा दिवस पाणी भरून झाल्यावर सुरू होतो. आम्ही माहेरचे स्थानकवासी. मूर्ती नाही, पूजा नाही. सामायिक, स्वाध्याय आणि साधू-साध्वींचं व्याख्यान. जीजीचं सासर मंदिरमार्गी. लग्नानंतर ती केशर-चंदनाची वाटी घेऊन पूजेला जायला लागली, तेव्हा मला ते अजब वाटलं होतं. एकदा तिच्या तोंडावर बोललेही होते. आता पन्नास वर्षं झाली. रोज सकाळी ती उतारावरचा जिना चढते, तीन बत्तीवरून रिज रोडला लागते आणि बाबू अमीचंद पनालाल यांनी बांधलेल्या आदेश्वर भगवानांच्या देरासरात जाते. त्या रस्त्याला आता बाळ गंगाधर खेर यांचं नाव आहे, पण जीजीच्या तोंडी रिज रोडच. देरासर १९०४ सालचं. दाराशी दोन दगडी हत्ती आहेत. तिची पावलं हत्तींपाशी आपोआप थांबतात. श्वास घेते, गुडघा चोळते, मग आत जाते.

आठही दिवस मी तिच्याबरोबर गेले. पूजा मी केली नाही. बाहेरच्या फरशीवर बसून नवकार म्हणत राहिले. तिने आग्रह केला नाही आणि मीही या वेळी काही बोलले नाही. दर्शन झालं की आम्ही खाली यायचो. तोवर नवकारसीची वेळ झालेली असायची, म्हणजे सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटं. मग पाण्याचा पहिला घोट.

दुपारी पाऊस उघडला की जीजी मला फिरवायची. हिच्या घराचा पत्ता मी आयुष्यभर मिरवला, पण तिच्याबरोबर तो पायी कधी पाहिला नव्हता.

बाणगंगेचा तलाव तर तिच्या दारातच. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, कडेला देवळं आणि पाण्यात बदकं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने इथे वाळूचं शिवलिंग केलं म्हणून वालुकेश्वर, त्याचं वाळकेश्वर झालं. आणि तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढलं ती बाणगंगा, अशी कथा आहे. तलाव शिलाहारांच्या काळातला, ११२७ सालचा सांगतात. पोर्तुगीजांनी जुनं देऊळ पाडल्यावर १७१५ साली रामा कामत यांच्या देणगीतून पुन्हा बांधकाम झालं. टेकडीच्या दक्षिण टोकाला १८८५ पासून गव्हर्नरांचं घर. वर गर्द झाडीत पारशांची डुंगरवाडी. हँगिंग गार्डनसमोर कमला नेहरू पार्क, त्यातला म्हातारीचा बूट. त्या बुटात जीजीची मुलं लहानपणी दर रविवारी चढायची. “घरात उड्या मारायला जागा नव्हती ना,” ती सहज म्हणाली.

१ जुलैला आम्ही ‘वर्षा’वरून गेलो. त्या दिवशी आमच्या पुसदला नाईकसाहेबांची जयंती असते, सगळ्या राज्यात कृषी दिन असतो. छत्रीवर पाऊस वाजत होता. झाडं, भिंत, फाटक, पोलीस, यापलीकडे काही दिसलं नाही. मी विचारलं, “जीजी, तू कधी आत गेलीस?”

“मी कशाला जाईन? मला कोण ओळखतं तिथे?”

एकाच टेकडीवर पन्नास वर्षं राहून तिने त्या बंगल्याचं नाव कधी वापरलं नव्हतं. ते काम मी पुसदमध्ये बसून करत होते.

कागदांचं सांगते. मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. १६६१ मध्ये ती पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाकडे आंदण म्हणून गेली आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडं होतं वर्षाला दहा पौंड. कॉलेजात शिकले तेव्हा हसले होते. जीजीच्या भाडेपावत्या पाहिल्या आणि हसू आलं नाही. पागडीची खोली. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी जागच्या जागी थांबवली, १९९९ चा नवा कायदा आला तरी अशा भाडेकरूंना संरक्षण राहिलं. तिचं महिन्याचं भाडं अजून तीन आकडी आहे. त्याच रस्त्यावर एका चौरस फुटाला जी किंमत पडते, तेवढ्यात तिचं कित्येक वर्षांचं भाडं भरून होईल.

आता इमारत पाडून नवी होणार. अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकीने मिळतं. एकशेवीसचे तीनशे, घरातच संडास-बाथरूम आणि लिफ्ट. बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायला दरमहा भाड्याचे पैसे. मी सगळी कलमं वाचली, पेन्सिलने खुणा केल्या. मुदत किती, उशीर झाला तर काय, भाडं थकलं तर कुणाला धरायचं, हे तिच्या मुलाला वकिलाकडून पक्कं करून घ्यायला सांगितलं. हिशेबाने पाहिलं तर नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

जीजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या पैशांत इथे, देरासरापर्यंत चालत जाता येईल अशी खोली मिळेल?”

मी खरं ते सांगितलं. वाळकेश्वरला त्या पैशांत कॉटसुद्धा मिळणार नाही.

“आणि इमारत उभी राहायला?”

“चार वर्षं लिहिलीत. पाच धर.”

“म्हणजे मी सत्त्याहत्तरची.” एवढंच म्हणाली आणि मूग निवडायला बसली.

मुलगा म्हणत होता, भाईंदरला देरासरं काय कमी आहेत? त्याचं बरोबर आहे. सून चांगली आहे, घर हवेशीर आहे. पण जीजीचा जिना, तिचे हत्ती, वाटेत ‘आज उशीर झाला’ म्हणणारा फुलवाला, गॅलरीतून ‘दार लाव गं’ म्हणणारी शेजारीण, हे कुठल्याच कलमात नव्हतं. मला तेव्हा कळलं की तिचं घर त्या एकशेवीस फुटांत मावतच नव्हतं. सकाळी पायी जाऊन पहिल्या घोटाआधी परत येता येतं, तेवढं सगळं तिचं घर होतं. त्या हिशेबाने टेकडीवरच्या कित्येक बंगल्यांपेक्षा ते मोठं निघेल.

मी म्हणाले, “मग इमारत होईपर्यंत पुसदला चल. खोली रिकामी आहे. स्थानक दोन गल्ल्यांवर आहे.” मनापासून म्हणाले. आणि म्हणता म्हणता पोटात गोळा आला. जीजी आली की ओसरीवर बायका जमणार, मुंबईचं विचारणार, आणि ती सरळ मनाने सगळं सांगणार. खोली, मोरी, गॅलरीचं टोक. पन्नास वर्षांचं माझं वाक्य एका दुपारी उघडं पडणार. बहात्तर वर्षांच्या बहिणीचं छप्पर जात होतं, आणि मला काळजी होती ती माझ्या पत्त्याची.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. खरी गोष्ट त्याच्या मागे आहे.

१९९४ साली माझ्या सासूबाईंना उपचारासाठी मुंबईला न्यावं लागलं. तीन आठवडे राहायचं होतं. घरात सगळे म्हणाले, तुझी बहीण मलबार हिलला आहे, तिच्याकडेच उतरू. मी कारणं काढली. दवाखाना लांब पडेल, त्यांच्याकडे पाहुणे आहेत, चढ आहे. एकही खरं नव्हतं. आम्ही धर्मशाळेत राहिलो. आजारी माणूस, परकी जागा, रोजचं बाहेरचं जेवण. जीजीला कळवलंच नाही. तिला ते नंतर दुसऱ्याकडून कळलं. तिने एकदाच विचारलं, “मुंबईत आलात आणि माझ्याकडे आला नाहीत?” मी काहीतरी पुटपुटले. पुन्हा तिने विषय काढला नाही. सासूबाई गेल्या त्याला आता बारा वर्षं झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जीजीचा चौविहार उरकला. मुंबईत सूर्य पुसदपेक्षा जवळपास वीस मिनिटं उशिरा मावळतो. आमच्याकडे त्या दिवसांत सातला ताट आवरलेलं असतं, तिच्याकडे सव्वासातपर्यंत सवड. ढगांमुळे सूर्य दिसत नव्हता, पण ओट्याशेजारी सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता टांगलेला होता आणि ती घड्याळ पाहून पाण्याचा शेवटचा घोट घेत होती. ती वरची वीस मिनिटं मला आठही दिवस उसनी मिळाल्यासारखी वाटत होती. त्याच वेळात मी तिला १९९४ चं सगळं सांगितलं. का आले नाही ते. कुणाला काय सांगून ठेवलं होतं ते.

तिने पेला पालथा घातला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं, तुझ्या सासूबाईंना माझ्या घरचं चालत नसेल. आम्ही मंदिरमार्गी म्हणून. तीस वर्षं मी त्या बाईबद्दल मनात धरून बसले.”

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सासूबाई बिचाऱ्या उलट दोनदा म्हणाल्या होत्या, जीजीकडे जाऊ या, तिच्या हातचं खाऊ. मी बोलले नाही त्याचा दोष एका तिसऱ्याच बाईच्या नावे लागला, आणि तो खोडायला ती बाई आता नाही. लहानपणी सत्याचं अणुव्रत शिकवताना महाराजसाहेब सांगायचे की खोटं बोलणं तर वाईटच, पण निम्मं बोलून समोरच्याला भलतं समजू देणं हेही त्यातच धरा. मी तेवढा भाग ऐकला होता, पाठही केला होता. माझ्या खात्यात मांडला नव्हता.

जीजी माझ्यावर रागावली नाही असं मी लिहिणार नाही. त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पण त्याआधी प्रतिक्रमणाला बसली तेव्हा नेहमीपेक्षा बराच वेळ हात जोडून होती. उठल्यावर म्हणाली, “तुझ्या सासूबाईंना खमावलं. तुझं नंतर बघू.”

तुम्हाला माहीत आहे, मंदिरमार्गी लोकांची संवत्सरी बहुतेक भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते आणि आमची पंचमीला. त्यामुळे दरवर्षी जीजीचा क्षमापनेचा फोन एक दिवस आधी येतो. यंदाही आला. म्हणाली, “मिच्छामि दुक्कडम्, छोटी. तुझं बघितलं.” मग कामाचं बोलली. सही केली आहे. चातुर्मास तिथेच पुरा करणार, कारण उपाश्रयात साध्वीजी विराजमान आहेत आणि इमारत त्यानंतरच रिकामी करायची आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर हिवाळाभर पुसदला येईल, पुढचं पुढे मुलाशी ठरवेल.

दुसऱ्या दिवशी माझी संवत्सरी होती. स्थानकात सगळ्यांना हात जोडले, सगळ्यांनी मला जोडले. ओसरीवर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीही त्यात होत्या. ओठांवर आलं होतं, गर्दीत राहून गेलं. खरं सांगायचं तर गर्दीचं निमित्त झालं.

म्हणून आज लिहून टाकते. हिवाळ्यात जीजी आमच्या ओसरीवर बसलेली दिसेल. तिला वाळकेश्वरचं जरूर विचारा. बाणगंगेचं विचारा, दगडी हत्तींचं विचारा, ती छान सांगते. तिची खोली दहा बाय बाराची होती, संडास गॅलरीच्या टोकाला होता, आणि नाईकसाहेबांच्या बंगल्यात ती कधी गेली नाही. हे तिच्याकडून ऐकायच्या आधी तुम्ही माझ्याकडून ऐकावं, एवढंच.

मिच्छामि दुक्कडम्.